बाजेचा पांगुळगाडा



मागल्या वेळी आपण उन्हाळी भुईमुगाच्या आऱ्यांविषयी बोललो. आता पाळी होती माती परीक्षणाची. नमुना कुठून घ्यायचा, कुठून घ्यायचा नाही, हे सगळे लिहून तयारही आहे. पण गेल्या पंधरवड्यात माझ्या हातात खुरप्याऐवजी रंधा आला, आणि त्या पंधरा दिवसांत जे काही शिकलो, त्यातले निम्मे तुमच्याही घरात कामाला येईल असे वाटले. म्हणून माती परीक्षण पुढच्या अंकात. रानात नांगरटीची ढेकळे अजून तापतच आहेत, आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

झाले असे, की चैत्रात थोरली लेक माहेरी आली. पदरात दहा महिन्यांचा मुलगा. येताना तिने पुण्याहून एक वॉकर आणला होता. तुम्ही पाहिला असेल. प्लॅस्टिकचा गोल सांगाडा, खाली सहा-आठ बारकी चाके आणि मधोमध कापडी झोळी. मुलाला झोळीत बसवायचे, की ते पायाच्या बोटांनी जमीन रेटीत घरभर फिरते. पोरगे खूश, आई मोकळी. आमच्या घरातही दोन दिवस सगळ्यांना मोठे कौतुक वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पेपर वाचीत होतो. लेक आत तिच्या आजीजवळ बसली होती. नातू ओसरीवर वॉकरमध्ये. आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, आणि धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने तिला अंगणाच्या बाजूला थोडा उतार दिलेला आहे. त्या उताराचा मला कधी विचारही पडला नव्हता. चाके सुटली, वॉकर कडेला गेला आणि दोन पायऱ्या उलटापालटा होऊन अंगणात पडला. मी दोन हातांवर होतो. उठेपर्यंत सगळे होऊन गेले.

ओठ फुटला, कपाळाला टेंगूळ आले. तालुक्याला नेले. टाके पडले नाहीत. डॉक्टरांनी सांगितले, चोवीस तास लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा गुंगी वाटली तर लगेच परत आणा. तशी वेळ आली नाही. मात्र त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. त्या डॉक्टरांनीच समजावून सांगितले, की झोळीच्या वॉकरमध्ये मूल चालायला शिकत नाही. त्याचा भार झोळीवर असतो, तोल त्याला सांभाळावा लागत नाही आणि स्वतःचे पायही त्याला दिसत नाहीत. वर वेग इतका, की शेजारी बसलेल्या माणसालाही गाठता येत नाही. कॅनडाने तर २००४ सालीच असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे आजही दुकानांत टांगलेले दिसतात.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, माझा पांगुळगाडा कुठे आहे?"

पांगुळगाडा नव्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द. तीन चाकांची लाकडी चौकट, तिच्यावर उभे दोन खांब आणि खांबांना आडवा दांडा. मूल मागे उभे राहून दांडा धरते आणि गाडा ढकलीत पाऊल टाकते. बसायला जागा नाही, झोळी नाही. पाय दमले की मूल आपले आपण खाली बसते. सगळा भार त्याच्या स्वतःच्या पायांवर, आणि गाडा फक्त आधाराला. आपल्या सुतारांनी ही वस्तू कधी काढली कोण जाणे, पण डोके लावून काढली आहे.

लेकीचा गाडा माळ्यावर सापडला. १९९९ साली मी तो घरीच ठोकला होता. नोकरीला पाचच वर्षे झाली होती, आणि विकतचा गाडा आणण्याऐवजी हाताने करण्याची हौस. फळांच्या खोक्याच्या फळ्या घेतल्या आणि पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला लालभडक ऑइलपेंट त्याला फासला. त्या वेळी गल्लीत तसा गाडा कोणाचा नव्हता.

माळ्यावरून खाली आणून ओल्या फडक्याने धूळ पुसली. तो लाल रंग अजून तसाच होता. फक्त वरच्या दांड्यावर, मधोमध, चार बोटे जागेतला रंग नाहीसा झालेला आणि उघड्या लाकडावर दातांच्या बारीक खुणा. लेकीला तेव्हा दात येत होते. येता-जाता ती दांडा चघळीत असे, आणि आम्ही हसत असू.

रंग लाकडावर नाही, म्हणजे तो गेला कुठे? हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता.

मंडळी, इथे जरा सावकाश वाचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. त्यातही लाल, पिवळा, नारिंगी, हिरवा असल्या भडक रंगांत जास्त. शिशाने रंगाला तेज येते आणि तो लवकर वाळतो, म्हणून ते घालीत. हेच शिसे लहान मुलाच्या पोटात गेले, तर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट अधिक प्रमाणात शरीरात शोषले जाते, आणि त्याचा घाव मेंदूवर पडतो. शिकण्याची गती मंदावते, चित्त लागत नाही. इतके शिसे चालते आणि याच्यापुढे चालत नाही, अशी सुरक्षित मर्यादा अजून कोणाला सापडलेली नाही. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असे बंधन आले. म्हणजे त्याच्या आधीचा ऑइलपेंट तुमच्या दारावर, कपाटावर, पाळण्यावर, खुर्चीवर असेल, तर त्यात शिसे आहे असेच धरून चाला. नुसत्या डोळ्याने ते ओळखता येत नाही.

माझी लेक शिकली, नोकरीला लागली, सगळे व्यवस्थित आहे. तिचे काही बिघडले नाही असे घरात सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण रक्त कधी तपासले नाही, त्यामुळे आमचे म्हणणे हे नुसते म्हणणेच. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण गावोगाव समजावून सांगणारा माणूस मी, आणि स्वतःच्या घरात काय फासतो आहे हे मला ठाऊक नव्हते. हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. मुलाला मात्र तिने त्या गाड्यापासून उचलून घेतले.

तुम्ही म्हणाल, मग जुना रंग खरवडून टाकावा. तसे करू नका. कोरडा खरवडला, पॉलिशपेपरने घासला, की त्याची धूळ होते आणि ती धूळ रंगापेक्षा वाईट. ती फरशीवर बसते, आणि रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. रंगवलेले लाकूड चुलीत तर मुळीच घालू नका. शिसे जळून नाहीसे होत नाही. थोडे धुरातून जाते आणि बाकीचे राखेत राहते, अन् आपल्या पुष्कळ घरांत अजून राखेने भांडी घासतात. लाल गाडा मी प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून परत माळ्यावर ठेवला. लेकीला तो टाकायचा नव्हता.

आता नवा गाडा करायचा, तर लाकूड हवे. नवे सागवान विकत घ्यायला माझी ना नव्हती, पण घरात इतके मोडके सामान पडलेले असताना वखारीत कशाला जायचे, असे वाटले. गावाकडच्या घरात अडगळीला काय तोटा! पाय मोडलेली खुर्ची, पत्र्याच्या कपाटाने हुसकावलेले लाकडी फडताळ, निखळलेली चौकट. भंगारवाला ते जळणाच्या भावाने मागतो. पण त्या लाकडाने तीस-चाळीस पावसाळे पाहिलेले असतात. त्याला जितके वाकायचे, जितके तडकायचे, तितके ते वाकून तडकून झालेले असते. नव्या ओल्या लाकडाचा सांधा वर्षभरात सैल पडतो. जुन्याचा पडत नाही.

माझ्या चुलतभावाने शब्द टाकताच एक फडताळ काढून दिले. फळ्या नामी, एक इंच जाड, गाठ नाही. दार उघडले आणि वास आला. दहा-पंधरा वर्षे त्यात फवारणीची औषधे ठेवलेली. खालच्या फळीवर बाटल्यांच्या बुडांचे गोल गोल डाग. भाऊ म्हणाला, "धुऊन घेऊ सोड्यानं." मी ते घेतले नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. आत मुरलेले औषध धुण्याने निघत नाही, रंधा मारून निघेल याचाही भरवसा नाही, आणि उन्हात तापले की ते पुन्हा वर येते. धान्याच्या कणगीत पूर्वी गॅमेक्झिन पावडर टाकीत असत. ती बीएचसी. १९९७ साली तिच्यावर बंदी आली, पण तिचा अंश वर्षानुवर्षे टिकतो. तेव्हा जुन्या धान्यपेटीच्या फळ्या, औषधाच्या खोलीतले लाकूड, फवारणीच्या पंपाखालचा ओटा, यातले काहीही लेकराच्या वस्तूला लावायचे नाही. त्याची गुरांना गव्हाणही करू नये.

बाहेरगावाहून माल येतो तेव्हा त्याखालचे लाकडी पॅलेट हल्ली पुष्कळांच्या घरी दिसतात. त्यांच्यावर शिक्का असतो. शिक्क्यात इंग्रजी 'एचटी' अक्षरे असतील, तर ते लाकूड कीड मारण्यासाठी ५६ अंशांवर गाभ्यापर्यंत अर्धा तास तापवलेले असते. 'एमबी' असेल, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. पहिले चालेल, दुसरे नको. पण 'एचटी' वाल्यावरही वाटेत काय सांडले ते शिक्का सांगत नाही. डागाळलेले असेल तर सोडून द्या.

अखेर गोठ्याच्या कोपऱ्यात माझी नजर गेली ती वडिलांच्या बाजेवर.

वडील २०१३ साली गेले. अखेरचे सहा महिने ते त्या बाजेवर होते आणि तिच्यावरच त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडे रीत अशी, की तसली बाज घरात परत घ्यायची नाही. कोणी देऊन टाकतो, कोणी रानात मोडून टाकतो. आम्ही ती गोठ्यात उभी करून ठेवली. मग तिच्यावर कडबा पडला, रिकामी पोती पडली, आणि ती दिसेनाशी झाली. काथ्या कुजून गेला होता. पायथ्याकडचे दोन पाय ओलीतल्या मातीत होते, ते वाळवीने पोखरून टाकले होते. पण उशाकडचे दोन्ही पाय बाभळीच्या गाभ्याचे, लोखंडासारखे. सगळे दांडे सागाचे, आणि त्यांच्यावर काथ्याने पाडलेले एकसारखे चरे.

आईने पाहिले आणि तिथेच म्हणाली, "ती नगं. तुझ्या बापानं तिच्यावर डोळं मिटलं. त्याचं लाकूड लेकराला लावायचं व्हय?"

माझ्याकडे उत्तर होते. बीएस्सी झालेल्या माणसाकडे असते तसले. पण आई ८१ वर्षांची, आणि गेलेला माणूस तिचा. मी बाज परत कडब्याआड ठेवली. दोन दिवस तो विषय निघाला नाही. मी वखारीत भाव विचारून आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढून उठतो तो आई गोठ्याच्या दारात. हातात तिचा जेवणाचा पाट. खालच्या पट्ट्या निखळलेला, न्हाणीजवळ पडून असलेला. म्हणाली, "ह्याची चाकं व्हतील का बघ." मी बाजेकडे पाहिले. तशी म्हणाली, "तू त्याच बाजंवर झालास. खाली शेगडी, वर मी न् तू, दीड महिना. तुझ्या पाठची दोघंबी तिच्यावरच. आम्ही यवढी माणसं जगलो ती नाही धरायची, अन् एक मेला त्यो धरायचा व्हय? कर तू."

मी काही बोललो नाही. पाट घेतला.

आता कामाचे. जुने लाकूड घेतले की पहिल्यांदा घुण पाहायचा. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली, तर घुण. भोके जुनी असू शकतात, म्हणून एक युक्ती करा. लाकूड झटकून आठ दिवस काळ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर ठेवा. ताजी भुकटी पडली तर किडा आत जिवंत आहे, तो तुकडा बाजूला टाका. सागाचा गाभा घुण सहसा खात नाही, बाहेरचा फिका भाग खातो. बाभळीचा फिका भाग तर त्याला पोळीसारखा. म्हणून तर आपले जुने लोक बाभळीचे ओंडके विहिरीत नाहीतर ओढ्यात महिनोन् महिने बुडवून ठेवीत. पाण्याने लाकडातला पिठूळ अंश निघून जातो, आणि किड्याला खायला काही उरत नाही. मी फिका भाग वाकसाने तासून काढला, आणि खात्रीसाठी सगळे तुकडे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठ दिवस पत्र्यावर उन्हात टाकले. गव्हाच्या काणीसाठी बियाणे भिजवून मे महिन्याच्या उन्हात वाळवायची जी लुथरांची रीत, तिचाच हा भाऊबंद. दोन इंच जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत ऊन पोचेलच असे मात्र नाही. म्हणून घुण लागलेला तुकडा घेऊन तो उन्हात बरा करायच्या भानगडीत पडू नये. निरोगी तुकडाच घ्यावा.

दुसरे म्हणजे खिळे. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खूण करा. त्याने रंधाही वाचतो आणि बोटही.

गावातले मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. पूर्वी तिफण, कुळव, गाडीची जू यांनी त्यांचे अंगण भरलेले असे. ट्रॅक्टर आला, तयार दारे आली, आणि आता त्यांच्याकडे येतात ते खोऱ्या-कुऱ्हाडीचे दांडे घालायला. बाजेचे पाय हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिले. म्हणाले, "साहेब, ह्यो सांधा माझ्या बाचा हाय. ह्याला नवं भोक पाडायचं न्हाई." मग त्यांनी जे सुचवले ते मला सात जन्मांत सुचले नसते. बाजेचा पाय १८ इंचांचा. दांड्याचे भोक जमिनीपासून १६ इंचांवर. दहा-बारा महिन्यांच्या मुलाला पांगुळगाड्याचा दांडा हवा असतो १६ ते १८ इंचांवर, म्हणजे त्याच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली. बाजेचे दोन पाय हेच गाड्याचे दोन खांब, आणि उशाकडचा तीन फुटांचा दांडा कापून चौदा इंचांचा केला, की तोच आडवा दांडा. जुन्या भोकात जुन्याच मापाची कूस, आणि बाहेरून पाचर. खांब खालच्या चौकटीत बसवताना जेवढे आत गेले तेवढी उंची चाकांनी भरून काढली, आणि थोडी वरही चढवली. दांडा मात्र मधल्या भागात एक इंच गोल तासून घेतला. लेकराच्या मुठीत त्याच्यापेक्षा जाड मावत नाही.

खालची चौकट लांब दांड्यांची. दोन तुकडे वीस-वीस इंचांचे, मागे रुंद आणि पुढे निमुळते, बैलगाडीच्या साट्यासारखे. मागच्या दोन चाकांत सोळा इंचांचे अंतर ठेवले. याहून कमी ठेवले तर गाडा वळताना कलंडतो. चाकांसाठी पुष्कळ जण गोल ओंडक्याच्या चकत्या कापतात. दिसतात छान, पण वाळल्या की मध्यापासून कडेपर्यंत उलतात. चाक फळीचेच करावे. आईच्या पाटातून साडेपाच इंचांच्या सहा चकत्या निघाल्या. दोन-दोन चकत्या, एकीचे रेषे उभे तर दुसरीचे आडवे, अशा फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर शिकंज्यात धरल्या. अशी तीन चाके. आता ती फाटायची नाहीत. आस म्हणून चार सूत सळई, दोन्ही टोकांना वॉशर आणि पिन, आणि पिनेवर लाकडी टोपण, म्हणजे पायाला ओरखडा नको.

गाडा उभा राहिला, फरशीवर ठेवला, हात लावला, आणि तो सुर्रकन पुढे गेला. मी आणि मिस्त्री एकमेकांकडे पाहत राहिलो. पूर्वीच्या घरात जमीन शेणाने सारवलेली असे. ती चाकाला धरून ठेवी. आता घरोघर फरशी आणि टाइल्स. त्यावर पांगुळगाडाही वॉकरसारखाच पळणार, आणि मागचे मूल तोंडावर पडणार. म्हणजे ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला तेच परत दारात! मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर ताणून बसवल्या. आसावर दोन्ही बाजूंना चामड्याच्या चकत्या घालून चाक घट्ट केले. आता गाडा ढकलला तरच हलतो आणि हात काढला की थांबतो. पुढच्या टोकाला एक बुटकी पेटी ठोकून तिच्यात दोन किलो वाळूची शिवलेली पिशवी ठेवली, म्हणजे मूल दांड्याला लोंबकळले तरी गाडा मागे उलटत नाही. मूल तरबेज झाले की चामड्याची एकेक चकती काढून घ्यायची आणि वाळू कमी करायची. पायरीशी मात्र फळी आडवी लावावीच लागते. कुठल्याही गाड्याला पायरी कळत नाही.

रंग दिला नाही. जवसाचे घाण्याचे तेल दिले. तेल निवडतानाही चूक होते. शेंगतेल, खोबरेल ही कधी वाळत नाहीत, चिकट होऊन खवट वास मारतात. जवसाचे तेल हवेने वाळून कडक होते. करडईचेही वाळते, पण सावकाश. (करडई आता शेतात दिसते तरी कुठे, हा वेगळा लेख होईल.) दुकानात रंगाऱ्यांसाठी उकळलेले तेल मिळते, त्यात लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते घेऊ नका. खाण्याचे कच्चे तेल पातळ हाताने लावा, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा लावा. असे तीन हात. दांड्यावर तेलाने साग उजळला तसे काथ्याचे चरे ठळक दिसू लागले. ते मी तासायला देणार होतो. लेक म्हणाली, राहू द्या.

तेल पुसलेली फडकी मी बोळा करून गोठ्यात कोपऱ्यात टाकणार होतो, तोच मिस्त्रींनी हात धरला. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत फडके आपोआप पेट घेते, काडी लावावी लागत नाही. शेजारी कडब्याची गंजी असेल तर पुढचे सांगायला नको. फडकी तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आईला गाड्याला घुंगरू बांधायचे होते. बारके घुंगरू लेकराच्या तोंडात जाते. तीन सेंटिमीटरहून लहान कोणतीही वस्तू सुटी होईल अशी नकोच. शेवटी आमच्या विकलेल्या बैलाच्या गळ्यातली मोठी घाट सापडली, मुठीपेक्षा मोठी. ती चौकटीच्या खाली आतल्या बाजूने बोल्टाने आवळली. गाडा हलला की गोठ्यातल्यासारखा आवाज येतो. त्यात एक सोय अशी, की आवाज बंद झाला की घरातले माणूस उठून पाहते.

गोंद, सळई, वॉशर, पॉलिशपेपर आणि तेल मिळून ३०० रुपयांच्या आत काम झाले. मिस्त्रींची मजुरी दोन दिवसांची. ते एका दिवसाचीच घेत होते, मी ऐकले नाही.

नातवाने पहिल्या दिवशी गाड्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वाळूच्या पेटीत चमचा टाकून बसला. चौथ्या दिवशी संध्याकाळी आईच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, मग दांडा धरला, आणि घाट एकदा वाजली. तो दचकून खाली बसला. पुन्हा उठला. त्या संध्याकाळी ओसरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तो गेला, मध्ये चारदा बसून. आई भिंतीला टेकून पाहत होती. तिने सुनेला हाक मारून मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या.

लेक परत गेली तेव्हा गाडा मोटारीच्या मागच्या बाजूस आडवा घालून नेला. परवा तिचा फोन आला. एका चाकाची रबराची पट्टी निघाली आहे, खिळा मारू का विचारत होती. खिळा नको म्हटले. पट्टी दोन बोटे आखूड कापून पुन्हा ताणून बसव, आणि टोके चाकाच्या आतल्या बाजूला सुतळीने शिव. मागे घाट वाजत होती, त्यामुळे तिला सगळे ऐकू गेले की नाही, शंका आहे. रविवारी पुन्हा फोन करीन.

माती परीक्षणासाठी नमुना घ्यायचा तर कडुनिंबाखालची, बांधालगतची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून फावडे तयार ठेवा. बाकीचे पुढच्या अंकात.